बेकारी भत्त्याचा क्लेम अडतो कुठे, तर आपल्याच कंपनीच्या टाइम ऑफिसात

मी बरीच वर्षं चाकण पट्ट्यातल्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत टाइम ऑफिसला होतो. हजेरी, ओटी, पगारपत्रक, पीएफचं आणि ईएसआयचं (म्हणजे कामगार विम्याचं) चलन सगळं माझ्या टेबलावरून जायचं. २०२३ मध्ये कंपनीने प्लांट बंद केला आणि परमनंट, काँट्रॅक्टवाले, ट्रेनी, मी, सगळेच घरी बसलो. तेव्हापासून लोकं मला फोन करतात, "दादा क्लेम भरला पण काहीच येईना", "साहेब पोर्टल घेतच नाहीये", आणि दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो म्हटलं.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ज्यांचा ईएसआय कापला जातो, म्हणजे पगार महिना २१,००० पर्यंत, त्यांची नोकरी गेली तर ईएसआयसीची, म्हणजे हा विमा चालवणाऱ्या सरकारी महामंडळाची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, त्यात बेकारीचा भत्ता मिळतो. १ जुलै २०१८ ला ही दोन वर्षांसाठी प्रायोगिक म्हणून सुरू झाली, तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे आणि नोकरी गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं. कोविडमध्ये, २४ मार्च २०२० पासून, ते ५० टक्के केलं, थांबायचे दिवस ३० वर आणले आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लेम शेवटच्या मालकाच्या हातून पाठवायची अट काढून टाकली, आपण थेट ईएसआयसीच्या शाखेत देऊ शकतो. मिळतो तो आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवसांचा. योजना तेव्हापासून मुदतवाढीवर चालत आलीये, त्यामुळे भरायच्या आधी सध्याची मुदत काय आणि टक्का काय ते ईएसआयसीच्या साइटवर बघून घ्या, मी सांगतोय ते आमच्या वेळचं.

अटी अशा की नोकरी जायच्या आधी लागोपाठ दोन वर्षं विमा असलेल्या नोकरीत असायला पाहिजे, नोकरी गेली त्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी कुठल्याही एकीत परत ७८ दिवस. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. गैरवर्तनासाठी काढलं असेल, वयाने रिटायर झाला असाल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर नाही मिळत.

किती मिळतो ते पण सांगतो कारण लोकांना वाटतं अर्धा पगार. तसं नाही. चार सहामाह्यांची एकूण कमाई घेतात आणि तिला ७३० ने भागतात, म्हणजे दोन वर्षांचे सगळेच्या सगळे दिवस, सुट्ट्यांसकट. पगार १८,००० आणि दोन वर्षं एकही खाडा नाही असं धरलं तर ४,३२,००० भागिले ७३० म्हणजे दिवसाला ५९२ च्या आसपास, त्याचा अर्धा २९६, आणि ९० दिवसांचे साधारण २६,६००. आता हाच माणूस काँट्रॅक्टवर असेल आणि त्या दोन वर्षांत त्याला चार महिने ब्रेक दिला असेल तर भागायचं ७३० नेच, मग येतात २२,२०० च्या आसपास. ज्याच्या नोकरीचा भरवसा आधीच कमी त्याच्या हातात नोकरी गेल्यावरही कमीच पडतात, हे मला कधीच पटलेलं नाही.

आणि कृपा करून कोणी याला फुकटचे पैसे म्हणू नका. जुलै २०१९ पासून आपल्या पगारातून ०.७५ टक्के आणि कंपनीकडून ३.२५ टक्के जातात, त्याआधी तर आपले १.७५ आणि कंपनीचे ४.७५ जायचे. १८,००० वर महिन्याला १३५ आपले आणि ५८५ कंपनीचे. दर महिन्याला, न चुकता, स्लिपवर कापलेले दिसतात. हक्काचे पैसे आहेत.

आता मुद्द्यावर येतो. क्लेम अडला की सगळे शाखेतल्या खिडकीवर चिडतात. मी चलन भरणारा माणूस आहे म्हणून सांगतो, दहातल्या बहुतेक क्लेममध्ये गडबड खिडकीवर झालेलीच नसते, ती त्याच्या कितीतरी आधी कंपनीच्या कॉम्प्युटरवर झालेली असते. शाखेतला माणूस फक्त स्क्रीनवर दिसतं ते वाचतो, आणि स्क्रीनवर काय दिसणार हे आमच्यासारख्या टाइम ऑफिसवाल्याने महिन्याच्या फाइलमध्ये काय टाकलं त्यावर ठरतं.

ती फाइल कशी असते बघा. दर महिन्याचं ईएसआय पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. एका एक्सेलमध्ये प्रत्येक कामगाराचा आयपी नंबर (म्हणजे विमा नंबर), नाव, किती दिवस भरले, एकूण पगार, आणि दिवस शून्य असतील तर शेजारच्या कॉलममध्ये कारणाचा कोड आणि शेवटचा कामाचा दिवस. बघायला गेलं तर बारीकसा कॉलम. त्यात रजेवर, नोकरी सोडली, रिटायर, कव्हरेजच्या बाहेर, संप-टाळेबंदी, रिट्रेंचमेंट (म्हणजे कंपनीने कामावरून कमी केलं), काम नाही असे वेगवेगळे कोड आहेत. आता प्लांट बंद झाला आणि माणसाला घरी पाठवलं तर तिथे काय यायला पाहिजे, रिट्रेंचमेंट आणि शेवटची तारीख. प्रत्यक्षात काय होतं, ज्याच्यावर काम ढकललंय तो घाईत सगळ्यांना एकच कोड ओढून टाकतो. कोणाला "नोकरी सोडली" लागतो, मग स्वतःहून सोडली का काढलं याच्यावर प्रश्न. कोणाला "रजेवर" लागतो, शेवटच्या दिवसाचा रकाना रिकामा, मग सिस्टीमच्या लेखी तो माणूस अजून त्याच कंपनीत नोकरीला आहे, रजेवर आहे, आणि नोकरीला असलेल्याला बेकारी भत्ता कसला देणार! तो बिचारा इकडे घरी बसून महिने मोजतोय. आमच्याकडे मी माझा चार्ज सोडल्यानंतर काही काँट्रॅक्टरनी अशाच फाइली चढवल्या होत्या आणि त्यातले कितीतरी क्लेम त्या एका कॉलमपायी लटकले.

राजीनाम्याचं तर विचारूच नका. बंद करायच्या आधी एचआरवाले एकेकाला केबिनमध्ये बोलावतात, समोर टाइप केलेला कागद, "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे", सही कर म्हणजे फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) लगेच होईल, नाही केली तर लटकेल. का करतात? कारण कामगाराला रिट्रेंच केलं तर कायद्याने एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार असा मोबदला द्यावा लागतो. राजीनामा आला की तो खर्च वाचला. पण त्या एका सहीने मोबदला तर जातोच, बेकारी भत्त्याच्या वाटेत पण धोंडा पडतो, कारण कागदावर आता तुम्ही स्वतःच्या मर्जीने गेलात. घरी हप्ते तुंबलेले असताना सही न करणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे, मी केबिनच्या बाहेर बसलेली माणसं बघितलीयेत. तरीपण सांगतो, सही करायची वेळ आलीच तर किमान कारणाच्या जागी "कंपनीने प्लांट बंद केल्यामुळे" एवढं स्वतःच्या हाताने लिहा, फोटो काढा, आणि बोर्डावर लावलेल्या बंदच्या नोटिशीचा फोटो तारखेसकट घ्या. नोटीस दुसऱ्या दिवशी बोर्डावर राहीलच असं नाही.

काँट्रॅक्टवाल्यांचा अजून एक प्रकार म्हणजे दोन-दोन, तीन-तीन आयपी नंबर. नियम असा आहे की विमा नंबर एकदा मिळाला की आयुष्यभर तोच. पण काँट्रॅक्टर बदलला की नवा काँट्रॅक्टर जुना नंबर विचारत नाही, नवीन जॉइनिंग म्हणून सरळ नवा नंबर काढतो. माणूस त्याच गेटने आत जातो, त्याच मशीनवर उभा राहतो, फक्त कागदावर तो नवा माणूस झालेला असतो. मग वर्गणी दोन नंबरांत फुटते आणि कुठल्याच नंबरवर दोन वर्षं पुरी होत नाहीत. क्लेम भरला की "पात्र नाही". अशा वेळी क्लेमच्या आधी शाखेत नंबर एकत्र करायचा अर्ज द्या, दोन्ही नंबर, आधारची झेरॉक्स, दोन्ही काँट्रॅक्टरच्या पगार स्लिपा लावून. याला वेळ जातो म्हणून नोकरी चालू असतानाच करून घेतलं तर फार बरं.

मोबाईल नंबरचं एक सांगतो. आमच्या पॅकिंगमध्ये एक मावशी होत्या, वयाने पन्नाशीच्या पुढे, कामाला एकदम चोख. क्लेम भरायला मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. पोर्टल उघडलं, आयपी नंबर टाकला, ओटीपी पाठवला असं दाखवतंय आणि मावशींच्या फोनवर काहीच नाही. परत पाठवला, परत नाही. मग शेवटचे आकडे बघितले तर नंबर मावशींचा नव्हताच. मावशी म्हणाल्या, "दादा, हा तर आमच्या सुपरवायझरचा दिसतोय." त्याने बायकांच्या पूर्ण बॅचचं रजिस्ट्रेशन करताना सगळ्यांच्या नावापुढे स्वतःचाच मोबाईल टाकून दिला होता, लवकर उरकायला. त्याला फोन लावला तर तो दुसऱ्या कंपनीत लागलेला, फर्स्ट शिफ्टला, फोन लॉकरमध्ये. दुपारी सुटल्यावर त्याने उचलला, ओटीपी सांगितला तोपर्यंत त्याची वेळ संपलेली, मग त्याला लाइनवर धरून नवीन पाठवला आणि आत शिरलो. आत शिरल्यावर पहिलं काम मोबाईल बदलायचं केलं. त्या बॅचच्या बाकीच्या बायकांना काय करायचं ते मावशींनीच फिरून सांगितलं, आणि त्यातल्या काहींना तोपर्यंत असा भत्ता असतो हेच कोणी सांगितलेलं नव्हतं.

नावाचा घोळ आपल्याकडे ठरलेलाच. आधारवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बँकेच्या जुन्या पासबुकवर आडनाव आधी. ईएसआयच्या रेकॉर्डला काँट्रॅक्टरने टाकलेलं नुसतं नाव आणि आडनाव, त्यात पण स्पेलिंग चुकलेलं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं तर आधार सासरचं, पासबुक माहेरचं. मशीनला हे सगळे वेगवेगळे लोक वाटतात. आणि बँक खातं चालू आहे ना ते पण बघा. पगार जमा व्हायचं बंद झालं की कंपनीने काढून दिलेलं खातं तसंच पडून राहतं आणि बराच काळ व्यवहार नसेल तर निष्क्रिय होतं. त्यात २०१९ आणि २०२० मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली, देना आणि विजया बँक ऑफ बडोदात, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, आणि त्या बँकांचे आयएफएससी कोड बदलले. जुन्या चेकबुकवरून कोड लिहिला तर क्लेम मंजूर होऊनही पैसे परत जातील. खातं आधारला जोडलेलं हवं, कॅन्सल चेक नवीन चेकबुकातला हवा.

आता सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. स्लिपवर ईएसआय कापलाय पण कंपनीने भरलेलाच नाही. बंद पडायला आलेल्या कंपन्या शेवटचे काही महिने हेच करतात, आधी पीएफ-ईएसआय थकवतात. मग त्या शेवटच्या सहामाहीचे ७८ दिवस पुरे होत नाहीत आणि शिक्षा कोणाला, ज्याचे पैसे कापले त्यालाच. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात स्वच्छ होतं की कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी म्हणजे कामगाराने मालकावर विश्वासाने सोपवलेली रक्कम समजायची. आणि मालकाने वर्गणी बुडवल्यामुळे कामगाराचा लाभ जात असेल तर महामंडळ कामगाराला लाभ देऊन तो मालकाकडून वसूल करू शकतं, अशीही तरतूद त्याच कायद्यात, कलम ६८ मध्ये होती. म्हणून अशा केसमध्ये "तुमची वर्गणीच नाही" एवढं ऐकून परत फिरू नका. कापलेल्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, हजेरी कार्डाचा फोटो जे असेल ते जोडून लेखी तक्रार द्या की माझ्या पगारातून कापलेत, वसुली मालकाकडून करा. तोंडी बोललेलं कुठेही राहत नाही.

क्लेम भरल्यानंतरचं थोडक्यात. ऑनलाइन भरला तरी प्रिंट काढून सही करून शाखेत दिला असेल तर त्याची पोच घ्या, शिक्का, तारीख आणि आवक नंबर असलेली. "साहेब ठेवून घेतलंय, होऊन जाईल" ही पोच नव्हे. त्रुटी काढली तर कुठली त्रुटी ते लिहून मागा, कारण आज एक कागद आणि पुढच्या आठवड्यात दुसरा कागद असं झालं की माणूस कंटाळून सोडून देतो. आणि रोज रिक्षाचं भाडं घालून चकरा मारण्यापेक्षा एक लेखी स्मरणपत्र जास्त काम करतं. ईएसआयसीत दर महिन्याला सुविधा समागम म्हणून तक्रारींची बैठक असते, शाखेत तारीख विचारून घ्या आणि पोचेची झेरॉक्स घेऊन जा.

तरी हाललं नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाका, तिथे २०२४ पासून २१ दिवसांत निकाली काढायचं ठरवलेलं आहे आणि उत्तर पटलं नाही तर अपील पण करता येतं. तक्रार लिहिताना घरची कर्मकहाणी लिहू नका, मला माहीत आहे मन भरून आलेलं असतं, पण तिथे कामाला येतं ते म्हणजे क्लेम नंबर, तारीख, आवक नंबर आणि काय पाहिजे. त्याच्यानंतर माहितीचा अधिकार, फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. "माझा क्लेम का अडला" असं विचारलं तर गोलमोल उत्तर येतं. असं विचारा: माझ्या अमुक क्रमांकाच्या क्लेमवर आजपर्यंत झालेल्या प्रत्येक कार्यवाहीची तारीख, ती करणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम आणि फाइलवरील शेऱ्यांची प्रत द्यावी. आमच्या एका फिटरची फाइल या अर्जानंतर उत्तर यायच्या आधीच मंजूर झाली होती.

पीएफवर वेगळं लिहायला पाहिजे, इथे एवढंच सांगतो की तिथे पण दुखणं तेच, कंपनीने सोडल्याची तारीख टाकलेली नसते. २०२० पासून ती आपली आपण यूएएनच्या (म्हणजे पीएफच्या कायम नंबरच्या) पोर्टलवर टाकता येते, नोकरी सुटून दोन महिने झाल्यावर. फक्त ईएसआयच्या रेकॉर्डला एक तारीख आणि पीएफला दुसरी असं होऊ देऊ नका.

एक गोष्ट राहिली, ती २१,००० ची मर्यादा. ती १ जानेवारी २०१७ पासूनची आहे. त्यानंतर पगार थोडे वाढले, महागाई भरपूर वाढली, आणि कितीतरी जण वार्षिक पगारवाढीत हजार-पाचशेने ती रेघ ओलांडून विम्याच्या बाहेर गेले. सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालू राहते, पुढच्या सहामाहीपासून बंद. आमच्या टूलरूममधले दोघे असेच, इतकी वर्षं वर्गणी भरली, पगार २१,००० च्या जरा वर गेला आणि पुढच्याच वर्षी प्लांट बंद. नोकरी गेली त्या दिवशी ते विमा असलेल्या नोकरीतच नव्हते, त्यामुळे भत्त्याचा प्रश्नच मिटला. त्यांचा क्लेम अडला असं पण म्हणता येत नाही, तो भरताच आला नाही. त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. ही मर्यादा वाढली पाहिजे आणि आधी भरलेल्या वर्षांची काहीतरी किंमत धरली पाहिजे, हे मी भेटेल त्या युनियनवाल्याला सांगत असतो.

टाइम ऑफिसला, एचआरला, काँट्रॅक्टरकडे फाइल भरायला बसलेले माझ्यासारखे जे कोणी हे वाचत असतील त्यांना एक विनंती आहे. शेवटच्या महिन्याची फाइल चढवायच्या आधी तो कोडचा कॉलम एकेका ओळीने बघा, कोड ओढून टाकू नका. प्रत्येकाची शेवटची तारीख मस्टरवरून भरा, मोबाईल ज्याचा त्याचा आहे का विचारा, आणि माणूस गेटच्या बाहेर पडायच्या आधी त्याच्या हातात आयपी नंबर आणि वर्गणीची प्रिंट द्या. मालक याला नाही म्हणत नाही, याला त्याचा एक पैसा लागत नाही.